दोन पत्रे

निवड करावी लागणे ही एक श्रीमंती आहे, असे माझे मत दिवसेंदिवस पक्के होत चालले आहे. ज्याच्या घरी एकच धोतर, त्याला आज कुठले नेसावे हा प्रश्न कधी पडत नाही. आमच्या हिंगोलीकडच्या माणसांना वर्षानुवर्षे पुष्कळसे प्रश्न पडलेच नाहीत. लोक त्याला आमचे समाधान म्हणत. खरे म्हणजे दांडीवर दुसरे धोतर नव्हते.

डॉक्टरकीचेच पाहा. हा मुलूख निजामाच्या राज्यात होता तेव्हा डॉक्टर व्हायचे तर हैदराबाद गाठावे लागे. तिथे १८४६ साली वैद्यकाची शाळा निघाली होती. मराठवाड्यात तेव्हाच्या औरंगाबादेस सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आले ते १९५६ साली, मग १९७४ साली अंबाजोगाईला, १९८८ साली नांदेडला. आमचा जिल्हा तर परभणीतून वेगळा झाला तोच मुळी १ मे १९९९ रोजी. त्याचे स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले २०२४ साली, शंभर जागांचे. ऑक्टोबराच्या ९ तारखेला पंतप्रधानांनी दिल्लीहूनच राज्यातल्या अशा दहा महाविद्यालयांचे एकदम उद्घाटन केले. हैदराबादेहून निघालेली ही वाट हिंगोलीच्या वेशीपर्यंत यायला पावणेदोनशे वर्षे लागली.

माझे वडील साप चावून गेले तेव्हा मी शाळकरी होतो. पावसाळ्याचे दिवस, ओढ्याला पाणी. आधी बैलगाडी, मग कोणाची तरी जीप, आणि पुढे नांदेडचा ऐंशी-नव्वद किलोमीटरचा रस्ता. तो रस्ता त्यांच्याच्याने पुरा झाला नाही. घरात कोणी कोणाला दोष दिला नाही. दोष द्यायला तरी वाटेत कोणी डॉक्टर भेटायला हवा होता!

अशा घरात २०२५ च्या श्रावणात एकाच आठवड्यात दोन पत्रे आली, ती माझ्या भाचीच्या नावाने. पत्रे म्हणजे पोस्टमनने आणलेली नव्हेत. मोबाईलवर उतरवून घेतलेली आणि कळमनुरीच्या झेरॉक्सच्या दुकानात छापून आणलेली. एक राज्याच्या यादीतून हिंगोलीचे, दुसरे देशभरच्या मुलांसाठी ठेवलेल्या पंधरा टक्के जागांतून अंबाजोगाईचे. दोन्ही सरकारी, दोन्ही नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाखालची. अभ्यास तोच, परीक्षा तीच, पदवीही तीच. एक घ्यायचे आणि एक सोडायचे, आणि मुदत मोजक्या दिवसांची.

मी मॅट्रिक झालेला मास्तर. कादंबऱ्या लिहितो म्हणून घरचे मला शहाणा समजतात, आणि असल्या प्रसंगी माझी मोठी पंचाईत होते. बहीण म्हणाली, "दादा, हिंगोलीच बरी. आठ दिवसाला भाकरीचा डबा तरी देता येईल." दाजी शेतकरी माणूस, बियाणे घेतानासुद्धा दहा ठिकाणी चौकशी करणारे. ते म्हणाले, "नवं कॉलेज हाय. मास्तर पुरे आलेत का, ते आधी बघा." मेडिकलच्या दुकानदाराने सांगितले की, डॉक्टरच्या पाटीवरचे कॉलेजचे नाव आजवर एकाही पेशंटने वाचलेले नाही. शेजारचे म्हातारे वारकरी सगळे ऐकून घेऊन म्हणाले, "नामदेव महाराज तरी कुठं नरसीतच राहिले? पंढरपूर झालं, पार पंजाबात घुमानला गेले. तरी नरसी त्यांचीच म्हणतेत ना?"

माझे मन हिंगोलीकडे ओढत होते, हे लपवत नाही. ज्या जिल्ह्यात माझा बाप रस्त्यात गेला, तिथेच त्याची नात डॉक्टर होणार, ही गोष्ट मला एखाद्या कादंबरीच्या शेवटासारखी गोड वाटत होती. माझ्यापाशी त्याला आधारही होता. डॉक्टर हिंमतराव बावस्कर जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. शिकले नागपूरला. पण विंचवाने त्यांना खरे शिकवले ते कोकणात, महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात. लाल विंचू चावलेली माणसे डोळ्यांदेखत दगावत. हा तरुण डॉक्टर त्यांच्या उशाशी रात्र-रात्र बसून नाडी, घाम, श्वास टिपून घेई. त्या टिपणांतून १९८२ साली 'लॅन्सेट'सारख्या विलायती साप्ताहिकात त्यांचे लेखन छापून आले, आणि पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध विंचूदंशावर त्यांनी वापरून दाखवले. शंभरात चाळीस माणसे जात, तिथे एखादेच जाऊ लागले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा डॉक्टर घडतो तो समोरच्या रोग्यामुळे, असे मी भाचीला सांगितले. आणि हिंगोलीचा रोगी तर तुझ्याच बोलीत कण्हणारा! "पोटात कलमलतंय" म्हटले की तुला विचारावे लागणार नाही, पोटात नेमके काय होते ते.

दुसरी बाजूही मी मांडली, कारण मास्तराने फळ्याचा अर्धाच भाग वापरू नये. शाळेत मी रोज पाहतो, पोर मास्तराकडून शिकते त्याहून अधिक शेजारच्या बाकावरच्या पोराकडून शिकते. वैद्यकातही सलाईनची सुई कशी लावायची हे प्रोफेसर थोडेच शिकवत बसतात? ते शिकवतो वरच्या वर्गातला दादा, वरच्या वर्गातली ताई. हिंगोलीत अजून वरचा वर्ग एकच. साडेचार वर्षांचा अभ्यास धरला तर पहिली तुकडी इंटर्न म्हणून वॉर्डात उभी राहायला २०२९ उजाडेल. अंबाजोगाईला ही माळ पन्नास वर्षे ओवली जाते आहे. पण तेही कॉलेज कधीतरी नवे होतेच की. १९७४ साली खेड्यातल्या रोग्यांसाठी म्हणून ते काढले, पुढे त्याला स्वामी रामानंद तीर्थांचे नाव मिळाले. त्याही पहिल्या तुकडीतल्या मुलांच्या बापांनी विचारलेच असेल, मास्तर पुरे आलेत का म्हणून.

भाचीने सगळे ऐकले. ती मुगाच्या शेंगा सोलत बसली होती. म्हणाली, "मामा, हिंगोलीच्या वॉर्डात अर्ध्या बायका मला ओळखतील. तू अमक्याची पोरगी ना, म्हणतील, चहाला बोलावतील. पण अंगावरचं दुखणं सांगणार नाहीत. बाई परक्या बाईला सांगते, गावातल्या लेकीला नाही सांगत. मला ते ऐकायला आधी शिकायचंय." मग आईकडे न बघता हळूच म्हणाली, "आन हिंगोलीत राहिले तर सोयाबीन काढायला ये, हळद शिजवायला ये, पाहुणे आलेत ये. मला नाही म्हणता येत नाही. माझा अभ्यास तिथंच मोडेल."

मी कित्येक कादंबऱ्यांतून मुलींच्या तोंडी वाक्ये घातली आहेत, पण हे वाक्य मला सुचले नसते. मला आनंदीबाई जोशी आठवल्या. १८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूरला, म्हणजे बंगालातल्या, त्यांनी भर सभेत उभे राहून सांगितले होते की, मद्रासेस कॉलेज आहे, सुईणीचे वर्गही ठिकठिकाणी आहेत, पण तिथले शिक्षण मला पुरेसे नाही, म्हणून मी अमेरिकेस जाते. तेव्हा त्या अठराच्याही नव्हत्या. १८८६ साली त्या पेनसिल्व्हेनियात डॉक्टर झाल्या, कोल्हापूरच्या दवाखान्याची नेमणूक घेऊन परतल्या, आणि काम हाती घेण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. त्या दूर गेल्या त्या आपल्याच बायकांसाठी. आमच्या पोरीला समुद्र ओलांडायचा नव्हता, परभणी आणि परळी ओलांडायची होती. पण आईच्या हाकेच्या पलीकडे जायला लागणारे बळ दोन्हीकडे सारखेच असावे.

बहीण बराच वेळ बोलली नाही. सुपातला कचरा पाखडून झाल्यावर म्हणाली, "जा बाई. पण परळीच्या गाडीत रात्रीची बसू नको." दाजींनी दुसऱ्याच दिवशी पेटी आणली.

ती आता अंबाजोगाईच्या वसतिगृहात राहते. दिवाळीला आली, तेव्हा हाडांची नावे पाठ करीत फराळाच्या चकल्या तळत होती. आईने कामाला हाक मारली, तर "हे पान झालं की येते" म्हणाली, आणि खरोखरच पान झाल्यावर आली. एवढे तिला आता म्हणता येते. शिकून झाल्यावर ती इकडे येईल की नाही, हे मी विचारलेले नाही. अठरा वर्षांच्या पोरीकडून असले वचन घेऊ नये. आले तर तिच्या मनाने यावे.

बहिणीला मात्र त्या सोडलेल्या जागेची अजून रुखरुख आहे. हिंगोलीची जागा पुढच्या फेरीत गेली, एवढेच आम्हांला ठाऊक. पणत्यांत तेल घालता घालता तिने मला विचारले, "दादा, त्या जागेवर कोण आलं असेल रे?"

मी म्हटले, "असेल कुठलं तरी लेकरू. ज्याला एकच पत्र आलं असेल."