दूध तुटलेली पिल्लं

एलिफंट सीलची मादी किनाऱ्यावर येते ती पोटात पिल्लू आणि कातडीखाली चरबी घेऊन. आल्यावर थोड्याच दिवसांत ती विते आणि पुढे साधारण २८ दिवस पिल्लाला पाजते. या काळात ती स्वतः काहीही खात नाही. दुधात शेवटी शेवटी निम्म्याहून जास्त फॅट असतं. जन्मताना तीस-पस्तीस किलोचं पिल्लू महिन्याभरात सव्वाशे किलोच्या आसपास पोचतं (हा आकडा ऐकून माझ्या आईला फार समाधान वाटलं होतं) आणि तोवर मादीचं वजन एक तृतीयांशाहून जास्त उतरलेलं असतं. मग ती समुद्रात निघून जाते. पिल्लू वाळूवरच राहतं.

हे सगळं मला फेब्रुवारी २०२० मध्ये अन्यो नुएवोला कळलं. सॅन फ्रान्सिस्को आणि सांताक्रूझच्या मधे पॅसिफिकमध्ये घुसलेलं हे एक भूशिर. विझ्काईनोची स्पॅनिश मोहीम ३ जानेवारी १६०३ ला इथून गेली, म्हणून नाव पडलं 'नवं वर्ष'. मी तेव्हा सॅन होजेत एमएसच्या दुसऱ्या सेमिस्टरला होतो. आम्ही चौघांनी भाड्याने गाडी घेतली, पेट्रोलचे पैसे सेंटपर्यंत वाटून घेतले आणि पार्किंगमध्ये सांगलीहून आलेलं भडंग खाऊन चालायला लागलो.

हिवाळ्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत, तिथे एकट्याने भटकता येत नाही. स्वयंसेवक वीसेक जणांचा गट घेऊन जातात. तीनेक मैलांची वाट, बरीचशी वाळूच्या टेकड्यांमधून. प्राण्यांपासून २५ फूट लांब राहायचं. आमच्यासोबत एक निवृत्त बाई होत्या. त्या हात वर करून थांबल्या तेव्हा आधी आवाज आला. थंडीत डेपोतली जुनी गाडी सुरू होताना जशी ठकठक करते, अगदी तसा. तो नर होता. दोन टनांचं धूड, लोंबणारं नाक आणि मानेवर जुन्या मारामाऱ्यांचे वळ. फोटो सगळ्यांनी त्याचेच काढले.

समोरच्या बेटावरचं दीपगृह १९४८ मध्ये बंद झालं. रखवालदाराच्या घरात आता सी लायन राहतात. एलिफंट सील मात्र इथे नव्याने आलेत. एकोणिसाव्या शतकात तेलासाठी त्यांची इतकी कत्तल झाली की मेक्सिकोच्या ग्वाडालुपे बेटावर जेमतेम काही डझन उरले असावेत. १९२२ मध्ये मेक्सिकोने त्यांना संरक्षण दिलं. आज दोन लाखांच्या आसपास असलेले सगळे त्या मूठभरांचे वंशज. एकाच बॅकअपवरून अख्खी सिस्टिम उभी केल्यासारखं आहे हे, आणि कुठल्याही इंजिनिअरला याची भीतीच वाटेल.

पण मी पाहत राहिलो तो टेकडीच्या आडोशाला पडलेली पिल्लं. त्यांना 'वीनर' म्हणतात, म्हणजे दूध तुटलेली. आई गेल्यावर ती दोन-अडीच महिने उपाशी राहतात, अंगच्या चरबीवर जगतात. संध्याकाळी उथळ पाण्यात उतरतात, गटांगळ्या खातात, परत येतात. पोहायला कुणी शिकवत नाही, मासे कुठे मिळतात हे कुणी दाखवत नाही. एप्रिलच्या सुमारास एकेक करून निघून जातात.

"कसली आई ही!" आमच्यातली हैदराबादची मुलगी म्हणाली. बाईंना भाषा कळली नाही, पण सूर कळला असावा. त्या म्हणाल्या, तिच्या अंगावर बघा, आता काही उरलेलंच नाही.

बाबा त्याच डिसेंबरात एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले होते. पहिल्या सेमिस्टरची फी कर्जातून गेली, दुसरीची त्यांच्या फंडातून. जानेवारीत फोनवर ते म्हणाले, "आमच्याकडनं होतं तेवढं झालं बघ. आता पुढचं तुझं तू." त्यात राग नव्हता, हिशेब होता. तरी ते वाक्य महिनाभर माझ्यासोबत फिरत होतं, आणि त्या वाळूवर उभं राहून मी पहिल्यांदाच बाबांच्या बाजूची वजाबाकी केली.

परतताना कुणीतरी विचारलं, यातली किती जगतात? पहिल्या वर्षात साधारण निम्मी मरतात, बाई म्हणाल्या. गाडीत बराच वेळ कुणी गाणी लावली नाहीत.

महिन्याभरातच, १७ मार्चला, आमच्या काउंटीत घरी बसण्याचा आदेश लागू झाला. पुढच्या आठवड्यात भारतात जाणारी विमानं थांबली. उन्हाळ्यातली पक्की झालेली इंटर्नशिप एप्रिलमध्ये दोन ओळींच्या मेलने रद्द झाली. हे मी घरी तीन दिवस सांगितलं नाही. चौथ्या दिवशी सांगितलं, तेव्हा एका प्राध्यापकांकडे पेपर तपासण्याचं काम मिळालं होतं. त्यात भाडं निघायचं, जेवण जेमतेम.

त्या फोनवर बोलणं संपत आलं तरी कुणी ठेवेना. म्हणून मी त्यांना पिल्लांचा व्हिडिओ दाखवला. मोठेपणी ही पाचशे-सहाशे मीटर खोल जातात, वीसेक मिनिटं श्वास न घेता, असं सांगितलं. आई म्हणाली, बिचारी. बाबा थोडा वेळ गप्प होते.

"सहाशे मीटरला प्रेशर किती?"

मी मोबाइलवर गणित करून सांगितलं, पावणेनऊशे पीएसआयच्या आसपास.

"आपल्या बसच्या टायरात एकशेदहा भरतो आपण," बाबा म्हणाले. "आठपट झालं की रे." मग आईकडे वळून, "आणि ते बारकं बघ, कसं निवांत लोळतंय."