ब्रेक लागला, तेव्हा कुत्रा कुठे होता?

काही दिवसांपूर्वी ओपीडीत एक काकू आल्या. वय साठीच्या पुढे, रक्तदाबाची गोळी चालू. तीन दिवसांपासून छातीच्या डाव्या बाजूला दुखत होतं, श्वास घेतला की कळ यायची. घरच्यांना हृदयाची शंका आली, त्यामुळे सगळे घाबरून आले होते. ईसीजी व्यवस्थित होता. पण बरगडीवर एका ठरावीक जागी बोट दाबताच काकू कळवळल्या. मी विचारलं, "कुठे पडलात का? मार लागला होता का?"

"नाही हो डॉक्टर, पडले बिडले नाही. ॲक्सिडेंटही नाही. नुसता ब्रेक लागला."

एक्स-रेत बरगडीला बारीक तडा दिसला. मग हळूहळू सगळी हकीकत बाहेर आली. मुलगा गाडी चालवत होता आणि काकू मागच्या सीटवर त्यांच्या लॅब्राडॉरला कवेत धरून बसल्या होत्या. कुत्र्याला नीट धरता यावं म्हणून त्यांनी स्वतःचा बेल्ट लावला नव्हता. समोर रिक्षा आडवी आली, मुलाने करकचून ब्रेक मारला, काकू पुढच्या सीटच्या पाठीवर आदळल्या आणि तीस किलोचा कुत्रा त्यांच्यावर. कुत्र्याला काहीच झालं नाही. काकूंना हाडांच्या ठिसूळपणाचा त्रास आहे हे त्या निमित्ताने तपासण्यांतून कळलं.

जाताना मुलाने विचारलं, "डॉक्टर, कुत्र्यालासुद्धा बेल्ट लावायचा असा कायदा हवा का हो? की हे जरा अतीच होईल?"

तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. पण या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर मला बऱ्याच वर्षांपूर्वी मिळालं आहे. ते सांगायचं तर आधी स्वतःची एक चूक कबूल करावी लागेल.

वाडीवऱ्ह्याजवळचा तो माणूस

आमच्याकडे बंड्या नावाचा गावठी कुत्रा होता. बावीस-तेवीस किलोचा, अंगाने काटक. गाडीत बसायची त्याला भारी हौस. मागच्या सीटवर उभा राहायचा आणि पुढच्या दोन सीटांच्या फटीतून डोकं काढून माझ्या डाव्या हातावर हनुवटी टेकवायचा. आम्हाला त्याचं केवढं कौतुक! त्याचे तसे फोटोही काढून ठेवले होते.

एका रविवारी सकाळी आम्ही इगतपुरीला निघालो. विल्होळी गेली, वाडीवऱ्हे जवळ आलं. रस्त्याकडेला बकऱ्यांचा कळप दिसला आणि बंड्याने थेट माझ्या मांडीवर उडी घेतली. त्याचे पुढचे पाय स्टिअरिंगवर पडले. गाडी डावीकडे ओढली गेली आणि कच्च्या साइडपट्टीवर उतरली. तिथून एक माणूस सायकल हातात धरून चालला होता, मागे दुधाचे कॅन. माझा आरसा त्याच्या कोपरापासून हातभर अंतरावरून गेला.

गाडी थांबवून मी खाली उतरलो. माझे पाय थरथरत होते. त्याने मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्याने गाडीकडे पाहिलं, खिडकीत शेपूट हलवणाऱ्या बंड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता पुढे निघून गेला.

कुणालाही काही झालं नाही. म्हणून ही घटना कुठल्याही नोंदवहीत नाही. पण रोज लोकांना "काळजी घ्या" म्हणून सांगणारा मी त्या दिवशी केवळ नशिबाने वाचलो होतो. त्याहून खरं म्हणजे, तो माणूस वाचला होता. कुत्रा मी पाळला होता. त्याला मोकळं ठेवायचं मी ठरवलं होतं. त्या माणसाला कुणीच काही विचारलं नव्हतं.

वजन तेवढंच राहत नाही

"आमचा कुत्रा शांत आहे, जागचा हलतसुद्धा नाही," असं बरेच जण सांगतात. असेलही. पण इथे प्रश्न कुत्र्याच्या स्वभावाचा नसून वेगाचा आहे.

गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने चालली असेल तर आतली प्रत्येक गोष्ट त्याच वेगाने पुढे जात असते. गाडी कशावर आदळून थांबली, तरी आत जे बांधलेलं नाही ते थांबत नाही. या वेगाने आदळणं म्हणजे साधारण दहा मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्यावरून पडण्यासारखं आहे. तीस किलोचा कुत्रा तिसऱ्या मजल्यावरून पडला तर त्याचं काय होईल? आणि ज्याच्या अंगावर पडेल त्याचं? समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत परवानगी आहे. त्या वेगाने हाच हिशोब सुमारे ५७ मीटर उंचीचा होतो.

हातांनी धरून ठेवू, हा भ्रम आहे. अशा धडकेत तान्ह्या बाळालाही हातात धरून ठेवता येत नाही, म्हणून तर लहान मुलांसाठी वेगळी सीट असते. ड्रायव्हरशेजारी मांडीवर घेतलेल्या कुत्र्याला आणखी एक धोका असतो: एअरबॅग. ती डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते. माणसाला वाचवणारी तीच पिशवी छोट्या जनावराच्या जिवावर उठू शकते.

शिवाय काकूंच्या बाबतीत घडलं ते मला अनेक घरांत दिसतं. कुत्र्याला सांभाळणारा माणूस स्वतः बेल्ट लावत नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात सायरस मिस्त्री गेले, हे आपल्याला आठवत असेल. गाडीत चौघं होते. मागे बसलेल्या दोघांचा मृत्यू झाला आणि त्यांनी बेल्ट लावलेले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. पुढचे दोघे गंभीर जखमी होऊनही वाचले. मागची सीट आपोआप सुरक्षित नसते, हा धडा तेव्हा सगळ्या देशाने वाचला.

कायदा आज काय म्हणतो?

आपल्याकडे पाळीव कुत्र्याला गाडीत बांधा, असं सरळ सांगणारं कलम मोटार वाहन कायद्यात नाही. पण कायदा अगदीच गप्पही नाही. १९८८ च्या या कायद्याचं कलम १२५ सांगतं की, वाहनावरच्या ताब्यात अडथळा येईल अशा रीतीने चालकाने कुणाला बसू देऊ नये, उभं राहू देऊ नये किंवा कुठली वस्तू ठेवू नये. मांडीवर कुत्रा घेऊन गाडी चालवणं यात सहज बसावं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराला विनाकारण त्रास होईल अशा पद्धतीने वाहून नेणं हा गुन्हा आहे. पण तो छळाबद्दल आहे. लाडाने मोकळ्या सोडलेल्या कुत्र्याचा विचार त्यात नाही.

माणसांच्या बाबतीत कायदा पुढे गेला आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेल्ट न लावल्यास एक हजार रुपये दंड आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने नियम काढला, की दुचाकीवरच्या नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला पट्ट्याने चालकाशी बांधावं, हेल्मेट घालावं आणि वेग ताशी ४० च्या वर नेऊ नये. हा नियम वर्षभराने लागू झाला.

आता संध्याकाळी कॉलेज रोडवर किंवा गंगापूर रोडवर उभं राहून बघा. ॲक्टिवाच्या पाय ठेवायच्या जागेवर कुत्रा उभा, त्याचे पुढचे पंजे हँडलवर, मागे बसलेलं मूल खिदळतंय. दिसायला गोड! समोरून दुसरा कुत्रा भुंकत आला की याने उडी मारलीच म्हणून समजा. मग तो पडेल, चालवणारा पडेल, मागचं मूल पडेल आणि त्यांच्या मागून येणाऱ्यालाही सावरता येणार नाही.

बाहेर बघितलं तर ब्रिटनच्या हायवे कोडचा ५७ वा नियम सांगतो, की कुत्रा अशा रीतीने अडकवलेला असावा की त्याने चालकाचं लक्ष विचलित होणार नाही आणि अचानक थांबल्यास चालकाला किंवा त्याला स्वतःला इजा होणार नाही. केवळ हा नियम मोडला म्हणून थेट शिक्षा होत नाही, पण अपघात झाला तर तो चालकाविरुद्ध पुरावा म्हणून मांडता येतो. अमेरिकेतल्या हवाई राज्यात कुत्रा मांडीवर घेऊन गाडी चालवायला कायद्याने मनाई आहे.

मग कायदा हवा का?

विरोधातले मुद्दे मला ठाऊक आहेत आणि ते पोकळ नाहीत. जिथे माणसंच बेल्ट लावत नाहीत तिथे कुत्र्याच्या बेल्टची सक्ती कोण करणार? नाशिक पोलिसांनी २०२१ च्या स्वातंत्र्यदिनापासून 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' सुरू केलं, तेव्हा पंपावर दुसऱ्याचं हेल्मेट मागून घेणारे आपणच होतो. नियम वाढले की चिरीमिरीच्या जागाही वाढतात. आणि रात्री गाडीखाली आलेल्या भटक्या कुत्र्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेणाऱ्या कॉलेजच्या पोरांना आपण दंड करणार का? रिक्षात तर माणसालाही बेल्ट नसतो.

तरीही माझं उत्तर 'हो' असं आहे. पण मर्यादित 'हो'.

माणूस फक्त स्वतःचा जीव धोक्यात घालत असेल तर कायद्याने किती आत शिरावं, यावर वाद घालता येईल. मोकळा कुत्रा मात्र साइडपट्टीवरून चाललेल्या दूधवाल्याचा जीव धोक्यात घालतो. जो आपल्या गाडीत नाही, ज्याला आपल्या बंड्याचं नावही माहीत नाही, त्याच्या बाजूने कुणीतरी बोललं पाहिजे. ते काम कायद्याचं आहे. गाडी चालवताना मोबाइल हातात धरायला मनाई आहे ती याच कारणासाठी. मोबाइल निदान स्वतःहून मांडीवर उडी तरी मारत नाही.

म्हणून नियम छोटा आणि स्पष्ट असावा. मोटारीत कुत्रा चालकापर्यंत पोचू शकणार नाही असा अडकवलेला किंवा पिंजऱ्यात असावा. दुचाकीवर मोकळा कुत्रा नको. जखमी जनावराला दवाखान्यात नेणाऱ्याला सूट असावी. पहिल्या वेळी दंडाऐवजी समज द्यावी. पोलीस प्रत्येक गाडीत डोकावणार नाहीत, हे मलाही कळतं. पण नियम लिहिलेला असला की घरात बोलता येतं. मुलगा बापाला सांगू शकतो, "बाबा, असं चालत नाही." आज तो तसं म्हणाला तर बाप म्हणतो, "कुठे लिहिलंय?"

कायद्याची वाट न बघता

माझ्या रुग्णांना मी एवढं सांगतो:

* पट्टा छातीचा घ्या, गळ्याचा नको. गळपट्ट्याला बेल्ट अडकवला तर झटक्यात मानेला इजा होते. छातीचा पट्टा मागच्या सीटच्या बेल्टला आखूड दोरीने जोडा.
* पट्ट्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. अमेरिकेत २०१३ मध्ये झालेल्या चाचण्यांत अनेक पट्टे धडकेत टिकले नाहीत. पण ब्रेकच्या झटक्यात आणि चालकापासून कुत्र्याला दूर ठेवायला साधा मजबूत पट्टाही कामी येतो. पिंजरा वापरत असाल तर तो गाडीला घट्ट बांधा.
* सवय लहानपणी लावा. आधी उभ्या गाडीत, मग गल्लीतल्या गल्लीत.
* प्रवासात झोपावा म्हणून माणसांच्या गोळ्या अंदाजाने देऊ नका. पशुवैद्यांना विचारा.
* झटक्यात दुखावलेला किंवा घाबरलेला कुत्रा मालकालाही चावतो. चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. "घरचाच आहे, लस दिलेली आहे" म्हणून घरी बसू नका.
* रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल आणि डोक्याला मार लागला असेल, तर बरं वाटत असलं तरी तपासून घ्या. रक्तस्राव उशिराही होऊ शकतो.

त्या रविवारी आम्ही इगतपुरीला गेलो नाही. वाडीवऱ्ह्याहूनच परत फिरलो. पत्नी मागे बंड्याला धरून बसली होती आणि नाशिक येईपर्यंत कुणी एक शब्द बोललं नाही. दुसऱ्या दिवशी मी पट्टा आणला. पहिले आठ दिवस बंड्या रुसला, पट्टा चावत बसला. मग सरावला. शेवटची पाच वर्षं तो गाडीचं दार उघडलं की स्वतःहून आपल्या कोपऱ्यात जाऊन बसायचा आणि पट्टा अडकवण्याची वाट बघायचा.

काकू पुढच्या आठवड्यात पुन्हा आल्या. दुखणं कमी होतं, कॅल्शियम सुरू केलं होतं. मी विचारलं, "कुत्र्याचं काय केलंत?"

"पट्टा आणलाय," त्या म्हणाल्या, "आणि मीही लावते आता माझा. दोन्ही हात मोकळे असतात ना!"