रेडिओचा काटा फिरवीत कल्याण ते ठाणे

मुरबाडहून पहाटेची एस.टी. धरून तुम्ही कधी कल्याणच्या मार्केटात भाजी नाही तर झेंडू घेऊन गेला असाल, तर माझे म्हणणे लगेच पटेल. फुलबाजारात एका गाळ्यावर रेडिओवर भजन चाललेले असते. चार पावलांवर चहाची टपरी, तिथे जुने हिंदी गाणे. रस्त्याकडेला टेम्पो लावून झोप घालवीत बसलेला ड्रायव्हर कालपरवाच्या सिनेमातले गाणे मोठ्याने ऐकत असतो. मधेच निवेदक जोरात हसतो, एका बिल्डरची जाहिरात होते आणि पुन्हा तसलेच गाणे. चहा संपवून तुम्ही परत आलात तरी तिथे तेच चाललेले असते.

आता आठवा, आपल्या घरातला जुना रेडिओ. फळीवर, वर क्रोशाचा रुमाल टाकलेला. त्यात सगळे एकाच जागी असे. मुंबई केंद्र लावले की सकाळी भक्तिगीते, मग बातम्या, बायकांसाठी वनिता मंडळ, गिरणी-कारखान्यातल्या माणसांसाठी कामगार सभा, आपल्यासाठी शेतीच्या गोष्टी आणि हवामान, कधी नाट्यसंगीत, कधी रागदारी, आणि श्रोत्यांच्या पत्रांवरून लावलेली ‘आपली आवड’. ज्याची वेळ त्याचे गाणे. आमच्या आजोबांना रागदारीतले काही कळत नसे, पण पुढे बातम्या आहेत म्हणून ते ती ऐकत बसत. ऐकता ऐकता एक दिवस म्हणाले, ‘हा बुवा बरा गातो.’

ते दिवस सगळे सोन्याचे होते असे मात्र समजू नका. 1940 साली रेडिओवरून चक्क पेटीला बंदी झाली आणि ती तीस वर्षे टिकली. आपल्या भजनाची पेटी हो! पुढे 1952 ते 1962 या काळात बा. वि. केसकर हे आपले मराठी गृहस्थ नभोवाणी खात्याचे मंत्री होते. लोकांनी शास्त्रीय संगीत ऐकावे, या हट्टाने त्यांनी सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केली. लोक काय करणार? त्यांनी काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला. 1952 च्याच अखेरीस तिथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. दर बुधवारी रात्री अमीन सयानी त्या आठवड्याची गाजलेली गाणी क्रमाने लावीत आणि कोणते गाणे किती पायऱ्या चढले ते सांगत. त्या रात्री गावागावांत एकेका सेटभोवती वीस-वीस माणसे जमत. शेवटी सरकारलाही उमगले आणि 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू झाली. 1 नोव्हेंबर 1967 पासून मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवर तिच्यात जाहिरातीही आल्या. कल्याणच्या टपरीवरचे जुने गाणे बहुतेक वेळा तिचेच असते.

असो. कल्याणला लोकलमध्ये बसू या. सकाळच्या गाडीत भजनी मंडळाचा डबा सापडला तर नशीब. टाळ, ढोलकी आणि पंचवीस गळे. बाकीच्या डब्यांत मात्र प्रत्येकाच्या कानात वायर. ठाकुर्ली गेले, डोंबिवली आली, कुणाला कुणाचे गाणे ऐकू येत नाही.

डोंबिवलीला माझी थोरली बहीण मुलाकडे राहायला आली त्याला आता तीन वर्षे झाली. जन्म गेला शेतात आणि गोठ्यात. पहाटे चुलीला जाळ लागला की रेडिओ लागायचा, हा तिचा नेम. भाच्याने आल्याआल्या तिला मोबाईल घेऊन दिला, त्यात रेडिओही आहे. गेल्या श्रावणात मी गेलो तर तो मोबाईल उशाशी बंद. म्हटले, ‘आक्का, गाणी ऐकत नाहीस?’ तर म्हणाली, ‘अरे, दिवसभर गातात मेले, पण आपलं एकही गाणं नाही. सकाळ झाल्यासारखी वाटतच नाही इथं.’

वाचकहो, मला हे लागले. आम्ही दोघांनी बसून मोबाईलचा काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. 91.1, 92.7, 93.5, 98.3 करीत थेट 107.1 पर्यंत. वाहिन्या पुष्कळ. ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत ऐकू येतात त्या मुंबईच्याच, म्हणून रहदारीच्या खबराही अंधेरी-वांद्र्याच्या. मराठी गाणे अधूनमधून भेटते, सणावाराला जास्त. पण पहाटेची भक्तिगीते, भावगीत, नाट्यगीत, लोकगीत असा क्रम? तो काही सापडेना.

संध्याकाळी भाच्याचा एक मित्र आला. त्याने काही वर्षे एका खाजगी वाहिनीत गाणी लावण्याचे काम केले आहे. त्याला विचारले, तेव्हा सगळा उलगडा झाला. तो म्हणाला, ‘मामा, आता रेडिओत कार्यक्रम नसतो, फॉरमॅट असतो.’ फॉरमॅट म्हणजे साचा. वाहिनी सुरू करण्याआधीच ठरवायचे की आपला श्रोता कोण. वीस वर्षांचा पोरगा की चाळिशीतला मोटारवाला? मग दिवसभर त्याच्याच आवडीचे लावायचे. कुणी फक्त नवी गाजलेली गाणी लावते. कुणी जुनी, जशी मुंबईत 2016 साली सुरू झालेली रेडिओ नशा मागच्या काळातली गाणी घेऊन उभी राहिली. कुणी नुसती प्रेमगीते लावून पाहिली. श्रोत्याने केव्हाही बटण दाबले तरी त्याला हवे तेच मिळाले पाहिजे. वाट बघायला लावले की तो दुसरीकडे गेला.

हे खूळ मूळ अमेरिकेतले. 1950 च्या सुमारास ओमाहा नावाच्या गावी टॉड स्टॉर्झ नावाचा एक रेडिओवाला होता. त्याची एक गोष्ट सांगतात. खानावळीत नाणे टाकून गाणे वाजवायचे यंत्र असे, आणि गिऱ्हाइके त्यावर फिरून फिरून तीच गाणी लावीत. रात्री गिऱ्हाइके गेली. दिवसभर तीच गाणी ऐकून खानावळीतली पोरगी कंटाळली असेल असे त्याला वाटले. तर तिने स्वतःचे नाणे काढले आणि तेच गाणे पुन्हा लावले! गोष्ट खरी असो नसो, त्याच्या केंद्राने मोजकी गाणी फिरवून लावायला सुरुवात केली आणि तो साचा जगभर गेला.

त्या मित्राने वहीच्या कागदावर एक गोल काढला. हा एक तास. अमुक मिनिटाला सर्वांत गाजलेले गाणे, मग बोलणे, मग सहा महिन्यांपूर्वीचे गाणे, मग जाहिराती, मग एक जुने, पुन्हा गाजलेले. दर तासाला हाच गोल. गाजलेली गाणी थोडकीच असतात, ती दर तीन-चार तासांनी फिरून येतात. कोणते केव्हा यायचे ते संगणक लावून देतो, म्हणजे एकाच गायकाची दोन गाणी पाठोपाठ येत नाहीत. गाणे उतरले की नाही हेही तपासतात. श्रोत्यांना त्यातला आठ-दहा सेकंदांचा तुकडा ऐकवायचा आणि विचारायचे, आवडते की कंटाळा आला? कंटाळ्याचे कौल वाढले की गाणे यादीतून खाली.

मी म्हटले, ही तर आपली फेरपालट झाली! तो हसला. पण जरा विचार केल्यावर मला वाटले, नाही, फेरपालट नव्हे. आपण हरभऱ्यानंतर दुसरे काही घेतो ते जमिनीसाठी. इथे उसावर ऊस आहे, फक्त सऱ्या बदलायच्या. जुनी आकाशवाणी म्हणजे मिश्र पीक होते. ज्वारीच्या ओळीत तूर, बांधावर थोडे कारळे. एखादे कमी आले तरी घरात सगळे असे.

खाजगी वाहिन्यांना तरी का बोल लावावा? मुंबईत त्या 2002 साली सुरू झाल्या, तेव्हा एकेका परवान्याची वर्षाची फी सुमारे पावणेदहा कोटी रुपये होती आणि ती दरसाल पंधरा टक्क्यांनी वाढायची. एवढा सारा भरल्यावर कोण प्रयोग करणार? सगळ्यांनी खात्रीचे पीक घेतले, नवे हिंदी सिनेमाचे गाणे. तरीही 2005 साली त्यांतली एक बंद पडली. त्याच वर्षी सरकारने ठरीव फी काढून उत्पन्नाचे चार टक्के घ्यायचे धोरण आणले आणि वाहिन्या वाढल्या. साचा मात्र बहुतेकांचा तोच राहिला, कारण पैसा जाहिरातीचा आणि जाहिरातदाराला पाहिजे खरेदी करणारा माणूस. आमची आक्का काय खरेदी करणार?

मग तिचे गाणे गेले कुठे? ते गेलेले नाही, मोबाईलमध्ये येत नाही एवढेच. मुंबईची अस्मिता वाहिनी, जिच्यावर मराठी कार्यक्रम असतात, ती आहे मध्यम लहरींवर, 558 किलोहर्ट्झला. मोबाईलमधला रेडिओ फक्त एफ.एम. पकडतो. दोन्हींतला फरक आपल्या भाषेत सांगतो. मध्यम लहर जमिनीला धरून चालते, डोंगराला वळसा घालून आपल्या वाडीपर्यंत येते. पण विजेच्या खरखरीपुढे तिचे चालत नाही. एफ.एम. ची लहर दिव्याच्या उजेडासारखी सरळ जाते. आवाज स्वच्छ, पण आड डोंगर आला की अंधार. मुंब्र्याच्या डोंगराखाली ती चाचरते, आणि मुरबाड सोडून टोकावड्याकडे निघालात की मुंबईच्या वाहिन्यांची नुसती फरफर उरते. म्हणून गावात आपल्याला एक जग ऐकू येते आणि डोंबिवलीत गेलेल्या आपल्याच माणसाला दुसरे.

दुसऱ्या दिवशी मी ठाण्याला जाऊन आलो, आक्कासाठी मध्यम लहरींचा रेडिओ बघायला. पूर्वी जलद लोकल पारसिकच्या बोगद्यातून जात. 1916 सालचा तो बोगदा, सव्वा किलोमीटरहून लांब. आत शिरले की सगळ्यांच्या कानातली गाणी एकदम बंद पडत आणि माणसे एकमेकांकडे बघत. आता लोकल मुंब्रा-कळव्यावरून जातात.

ठाण्यात तलावपाळीच्या कठड्यावर बसलो होतो, तेव्हा पी. सावळाराम आठवले. सांगली जिल्ह्यातल्या येडेनिपाणीचा हा माणूस ठाण्याचा झाला, इथला नगराध्यक्षही झाला. त्यांचे शब्द, वसंत प्रभूंची चाल आणि लताबाईंचा आवाज. माहेर, सासर, लेकीची पाठवणी, हे सगळे रेडिओने घराघरांत नेले आणि लोकांनी त्यांना जनकवी म्हटले. आकाशवाणीने तर पुण्यात 1 एप्रिल 1955 पासून दर आठवड्याला एक असे वर्षभर छप्पन्न गीतांचे ‘गीतरामायण’ माडगूळकरांकडून लिहवून आणि सुधीर फडक्यांकडून चाली लावून घेतले. गाणे जन्माला घालणे हे रेडिओचे काम होते. साच्याची वाहिनी तयार गाणे फिरवते, नवे पेरीत नाही. येडेनिपाणीच्या आजच्या एखाद्या पोराने असे गीत लिहिले, तर ते ठाण्यात कोणत्या आकड्यावर लागेल? मला तर त्याला सांगता येणार नाही.

गावाकडे मात्र वेगळे काही उगवते आहे, तेही सांगतो. 2006 पासून संस्थांना आणि कृषी विज्ञान केंद्रांना लहान सामुदायिक केंद्रे काढता येतात. त्यांचा आवाज दहा-पंधरा किलोमीटर जातो. म्हसवडला माणदेशी तरंग आहे, बारामतीला शारदा कृषी वाहिनी. तिथे शेजारगावची बाई स्वतःच्या आवाजात ओवी गाते. मुरबाड-शहापूरकडच्या मंडळींनी एकदा जाऊन बघावे असे मला वाटते.

ठाण्यात चार दुकाने पालथी घातल्यावर एक साधा दोन बँडचा सेट मिळाला. दुकानदार म्हणाला, ‘हल्ली कुणी मागत नाही.’ भाचा म्हणाला, ‘मामा, आकाशवाणीच्या ॲपवर हे सगळं ऐकू येतं, कशाला पैसे घातलेत?’ येते खरे, आणि तुमच्या घरचे कोणी शहरात असेल तर त्यांना ते जरूर सांगा. पण आक्काला काटा फिरवायचा होता.

घरात लावला तर नुसती घरघर. तुम्हीही असा सेट घेतलात तर लक्षात ठेवा. मोबाईलचा चार्जर आणि एल.ई.डी. चे दिवे मध्यम लहरींची वाट लावतात. सेट खिडकीजवळ न्यायचा आणि आडवा धरून हळूहळू फिरवायचा. आतली काडी ठरावीक दिशेनेच चांगले पकडते. आम्ही तो गॅलरीत तुळशीच्या कुंडीजवळ ठेवला, थोडा पश्चिमेकडे वळवला, आणि बासरी स्वच्छ ऐकू आली. आक्का आत जाऊन पातेल्यात चहाचे आधण ठेवून आली.

निघताना भाच्याला एवढेच बजावले आहे, सकाळी सहा ते सात गॅलरीतला दिवा लावू नकोस.