कुलूप लावलं, पण किल्ली दारातच

गेल्या पावसाळ्यात घरचा कॉम्प्युटर बंद पडला. दुरुस्तीला टाकला. दोन दिवसांनी दुकानातला पोरगा खुशीत म्हणाला, "सर, टेन्शन नका घेऊ. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावून बघितली. डेटा सगळा शाबूत आहे."

पोटात गोळाच आला. त्या डिस्कवर एका बाईंनी दिलेले हजेरीपटाचे फोटो होते. कामावर मजूर नाही, सह्या मात्र रोजच्या. "माझं नाव कुठं येणार नाही ना?" असं त्यांनी तीनदा विचारलं होतं, मी तीनदा "नाही" म्हटलं होतं. बातमीत नाव आलंही नाही. पण डिस्कवरच्या फोल्डरला नाव त्यांचंच होतं.

पोराची चूक काहीच नाही, चूक माझी. लिनक्स वापरतो, लॉगिनला पासवर्ड आहे, म्हणून मी निर्धास्त होतो. पण लॉगिनचा पासवर्ड म्हणजे वाड्याच्या दिंडीची कडी. कपाटच उचलून नेलं तर कडीचा काय उपयोग?

मग लक्स शिकलो. लिनक्समध्ये ही सोय फुकट आहे. डिस्कवरचा मजकूरच सांकेतिक होतो, पासवर्डशिवाय कुठल्याही मशीनला लावा, वाचता येत नाही. फक्त ती तयार करताना डिस्कवरचं आधीचं सगळं जातं. म्हणून आधी कॉपी काढली आणि काम झाल्यावर ती कॉपीची डिस्कही कुलूपबंद केली. नाहीतर तेच फोटो तिथं उघडे पडले असते.

तरी एक घोळ केलाच. बाहेरची डिस्क जोडल्यावर कॉम्प्युटर पासवर्ड विचारतो आणि खाली पर्याय देतो: लगेच विसर, लॉगआउटपर्यंत लक्षात ठेव, कायम लक्षात ठेव. कंटाळा करून मी 'कायम' निवडलं. एके दिवशी मुलाने गाणी घ्यायला तीच डिस्क जोडली, ती काही न विचारता उघडली! आता 'लगेच विसर' ठेवतो. काम झालं की डिस्क अनमाउंट करून काढतो. उघडलेली डिस्क म्हणजे उघडं कपाटच. कॉम्प्युटर नुसता स्लीपला टाकला तरी किल्ली मेमरीत राहते, म्हणून रात्री पूर्ण बंद करतो.

आणखी एक. डिस्कच्या सुरुवातीला हेडर असतो. तो बिघडला तर पासवर्ड माहीत असूनही काही मिळत नाही. त्याचा बॅकअप वेगळ्या ठिकाणी ठेवलाय. पासवर्ड विसरलो तर मात्र कोणीच सोडवू शकत नाही.

नोव्हेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पत्रकारांचे फोन-लॅपटॉप जप्त करण्याचा विषय गंभीर असल्याचं म्हटलं, केंद्राला नियम करायला सांगितलं. ती चर्चा व्हायलाच हवी. पण माझी डिस्क कोणी जप्त केली नव्हती. मीच ती काउंटरवर ठेवून आलो होतो.

शेवटी त्या बाईंना फोन करून सगळं खरं सांगितलं. थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "दादा, हे आधी करायला पाहिजे होतं ना?"

उत्तर नव्हतं. माहिती अधिकारात काम करणाऱ्या, बातम्या लिहिणाऱ्या मित्रांनो, लोक आपल्याकडे कागद नाही, भरवसा ठेवायला देतात. आज घरी गेल्यावर आपली डिस्क एकदा तपासा.