वरचे तेवीस सेकंद

मोठ्या पराभवाचे दुःख मनुष्य लवकर विसरतो. त्याला जन्मभर सलतो तो थोडक्यात हुकलेला विजय. गाडी अर्ध्या तासाने चुकली, तर आपण स्वस्थपणे बाकावर बसून वर्तमानपत्र उघडतो. परंतु शेवटचा डबा डोळ्यांदेखत फलाटाबाहेर गेला, की जिन्याच्या पायऱ्या, तिकिटाची रांग, वाटेत भेटलेला स्नेही, या साऱ्यांवर मनात खटला सुरू होतो. ज्याला अधिक उशीर झाला तो शांत, आणि ज्याला कमी झाला तो व्याकूळ! हा न्याय उफराटा खरा. पण मनाच्या दरबारात तोच चालतो.

त्या दरबारात उभे राहण्याची पाळी माझ्यावर वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी आली.

अमेरिकेतील बॉस्टन शहराची मॅरेथॉन १८९७ साली सुरू झाली. १९७० पासून तेथे पात्रतेची अट आहे. अन्यत्र ठरावीक वेळात मॅरेथॉन धावून दाखवावी आणि मग अर्ज करावा, असा तेथला रिवाज. २०२५ च्या शर्यतीसाठी माझ्या वयोगटातील पुरुषांना ३ तास २० मिनिटांची मर्यादा होती. म्हणजे बरोबर १२,००० सेकंद. या बारा हजारांसाठी आमच्या घरातले दिवे दोन वर्षे रात्री नऊला मालवले जात होते. पहाटे चार वाजता मी बुटांच्या नाड्या बांधीत असे, आणि पत्नी झोपेतच म्हणे, "दार नीट ओढून घ्या."

२१ जानेवारी २०२४ रोजी मी मुंबईची मॅरेथॉन धावलो. पस्तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास, ऊन अंगावर येऊ लागले असता, परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ लागतो. तो चढ मी अंगात होते नव्हते तेवढे बळ लावून चढलो. उरलेसुरले मरीन ड्राइव्हवर खर्चिले. शेवटची रेषा ओलांडली तेव्हा घड्याळाने ३ तास २० मिनिटे २३ सेकंद दाखविले.

त्यानंतरचे कित्येक दिवस मी हिशेबनीस झालो. माझ्या त्या दिवशीच्या वेगाने तेवीस सेकंदांत सुमारे ८० मीटर अंतर होते. सबंध वाटेवर विभागले, तर किलोमीटरमागे जेमतेम अर्धा सेकंद! तो कोठे सांडला? घरात हरवलेली अंगठी निदान एके ठिकाणी तरी पडलेली असते. हे सेकंद मात्र बेचाळीस किलोमीटरांवर धुळीच्या कणांसारखे विखुरलेले. मग मी शर्यतीच्या नियमांकडे वळलो. मार्गाची मोजणी सायकलीवर बसविलेल्या यंत्राने होते, आणि अंतर चुकूनही कमी भरू नये म्हणून त्यात हजारी एक या प्रमाणात, म्हणजे ४२ मीटर, मुद्दाम वाढविलेले असतात. हा शोध मी मोठ्या उत्साहाने पत्नीस सांगितला. ती शांतपणे म्हणाली, "बरं, मग बाकीच्या अडतीस मीटरांचं काय?"

त्या मीटरांसाठी मी इतिहासात शिरलो. १८९६ साली अथेन्सला ही शर्यत सुमारे ४० किलोमीटरांची होती. १९०८ साली लंडनमध्ये ती विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू होऊन क्रीडांगणातील राजघराण्याच्या बैठकीसमोर संपविली गेली, म्हणून ४२ किलोमीटर १९५ मीटर भरली; आणि १९२१ मध्ये तोच आकडा कायम झाला. एका राजघराण्याच्या सोयीने सव्वादोन किलोमीटर वाढावे, आणि शतकानंतर त्याचा भुर्दंड मुंबईतल्या एका गृहस्थाने भरावा!

पुढे सप्टेंबर उजाडला, आणि या खटल्याचा निकालच निराळा लागला. बॉस्टनला जागांहून अर्ज पुष्कळ अधिक आले. त्यामुळे ठरलेल्या मर्यादेहूनही ६ मिनिटे ५१ सेकंद आधी पोचलेल्यांनाच प्रवेश मिळाला. मर्यादा पाळूनही परत गेलेले धावपटू बारा हजारांहून अधिक होते. म्हणजे ते तेवीस सेकंद मला सापडले असते, तरी मी दाराबाहेरच राहिलो असतो! आठ महिने ज्या फाटकापाशी मी उभा होतो, त्याच्या आत दुसरे फाटक होते. पन्नाशीच्या गटात पाच मिनिटांची सवलत मिळे, तीही आशा फार टिकली नाही. २०२६ च्या शर्यतीपासून मर्यादाच पाच मिनिटांनी कमी झाली, आणि माझ्यासमोर पुन्हा तेच ३ तास २० मिनिटे येऊन उभे राहिले.

यात अन्याय म्हणावा असे काही नाही. शर्यत हॉपकिंटन या लहानशा गावातून सुटते. तेथले रस्ते अरुंद. त्यांवर सुमारे तीस हजार माणसे मावतात. रेषा आखली जाते ती रस्त्याच्या रुंदीकडे पाहून, माझ्या पायांकडे पाहून नव्हे. ती जागा मोजते. माणूस मोजण्याचे काम तिच्याकडे कोणी दिलेलेच नाही.

येथे मला माझ्या वडिलांची आठवण होते. त्यांचा मॅट्रिकचा पहिला वर्ग तीन गुणांनी हुकला होता. घरात कोणाचाही निकाल लागला, की ते भूमितीतल्या एका रायडरची गोष्ट सांगत, आणि आम्ही मुले ती हळहळ समजून ऐकत असू. आज ते हयात नाहीत. पण त्या गोष्टीचा निराळा अर्थ आता मला लागतो. चाळीस गुणांनी मागे राहिलेला विद्यार्थी आपले गुण मोजीत नाही. तीन गुण मोजतो तो तेथपर्यंत जाऊन आलेला. वडील उणेपणा सांगत नव्हते. आपण कोठवर पोचलो होतो ते सांगत होते.

अंतर जितके लहान, तितके ते नेमके मोजता येते. आणि ते नेमके मोजण्याचा अधिकार जवळ गेलेल्यालाच असतो. अशा माणसाचे दुःख हलके करण्यासाठी "एवढ्याशाने काय होते?" असे आपण म्हणतो. त्यापेक्षा त्याला ते एवढेसे किती होते, हे विचारावे. तो आकडा सांगेल, आणि पुष्कळदा त्याची मान ताठ असेल.