औषधाची भूक

भूक या एका विकाराला मराठीत जितके शब्द आहेत तितके क्वचितच दुसऱ्या कशाला असतील. पोटात कावळे ओरडतात, जीव कासावीस होतो, वखवख सुटते. कोणी खादाड असतो, कोणी हावरा, कोणी अधाशी. या शब्दांकडे जरा निरखून पाहिले असता असे आढळेल की त्यांतील निम्मे दयेचे आहेत आणि निम्मे निंदेचे. भूक आमच्या हिशेबाने वाजवी असेपर्यंत तिची कीव करावयाची, आणि ती हिशेबापलीकडे गेली की तिला दुर्गुण ठरवावयाचे, अशी आपली सर्वांचीच रीत आहे. परंतु या दोहोंत न बसणारी आणखी एक भूक असते. पोट रिकामे नसताही ती लागते, आणि स्वभावाशी तिचा काही संबंध नसतो. ती गोळीबरोबर येते. गेली तीन वर्षे ही भूक आमच्या घरी मुक्कामास आहे, म्हणून तिच्याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

जालन्यास आमच्या घरी मोत्या नावाचा एक गावठी कुत्रा आहे. वजन वीस किलो, रंग बदामी, स्वभाव गरीब. तिसरे वर्ष लागले आणि त्यास अपस्माराचे झटके येऊ लागले. पशुवैद्यांनी फेनोबार्बिटोनची गोळी सुरू केली. ती दर बारा तासांनी, बहुधा जन्मभर द्यावयाची. हे औषध तसे वृद्धच म्हटले पाहिजे. १९१२ साली जर्मनीत ते झोपेचे औषध म्हणून बाजारात आले, आणि त्याच वर्षी फ्रायबर्ग येथील आल्फ्रेड हाउप्टमन या तरुण डॉक्टरास असे दिसून आले की, ते दिलेल्या रोग्यांचे अपस्माराचे झटकेही कमी होतात. शंभराहून अधिक वर्षे लोटली, पुष्कळ नवी औषधे निघाली, तथापि कुत्र्यांच्या अपस्मारावर आजही प्रथम हेच औषध आठवते. मोत्यास त्याचा गुण आला. झटके जवळजवळ थांबले, आणि त्यांची जागा भुकेने घेतली.

ही भूक कशी असते हे ज्यांनी पाहिले नाही त्यांस सांगणे कठीण. भांडे चाटून पुसून झाल्यावर दुसऱ्याच क्षणी कुत्रा ते तोंडात धरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आणून ठेवितो. कणकेच्या डब्याचे झाकण वाजले तर झोपेतून उठून येतो. भाजीची देठे, केळीची साल, पोळ्या गुंडाळलेला कागद, काहीही त्यास वर्ज्य राहत नाही. आयुर्वेदात अत्यग्नी किंवा भस्मक नावाचा विकार वर्णिला आहे. त्यात जठराग्नी भडकतो आणि खाल्लेले भस्म करून टाकितो. म्हणून चरकसंहितेने त्यावर जड, स्निग्ध, थंड अन्न सांगितले आहे. येथे मात्र तो उपाय उलटा पडेल. मोत्याच्या पोटातील अग्नी पूर्वीइतकाच आहे. बिघडले आहे ते 'पुरे' असे सांगणारे मेंदूतील यंत्र. औषधाने ते दबले आहे. अन्न पचते तेवढेच, खर्च होते तेवढेच, किंबहुना औषधाच्या सुस्तीमुळे थोडे कमीच. वाढली आहे ती केवळ मागणी.

असे यंत्र औषधावाचूनही बिघडलेले असू शकते. २०१६ साली केंब्रिज येथील एलिनॉर रॅफन व त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की, त्यांनी तपासलेल्या लॅब्रेडॉर कुत्र्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश कुत्र्यांत एका जनुकाचा लहानसा तुकडा गळालेला असतो, आणि असे कुत्रे अन्नाच्या मागे अधिक लागतात व अधिक लठ्ठ होतात. ज्यास आपण खादाडपणा म्हणून हसतो, तो कित्येकदा असा जन्माचा लेख असतो. हे एकदा कळले म्हणजे निंदेचे शब्द ओठांवर येत नाहीत. परंतु निंदा सुटली म्हणजे प्रश्न सुटला असे नाही; खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

तो आमच्या घरी मातोश्रींनी उभा केला. त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. १९७२ चा दुष्काळ त्यांनी ऐन तरुणपणी याच मुलखात काढिला. खडी फोडण्याची कामे, तेथे मिळणारी सुकडी, अमेरिकेहून आलेली मिलो नावाची तांबडी ज्वारी, यांच्या गोष्टी त्या आजही काल घडल्यासारख्या सांगतात. दारी आलेल्या भुकेल्यास नाही म्हणू नये, हा त्या वर्षाने त्यांस शिकविलेला धर्म. मोत्यासाठी भोपळा चिरला जात असता त्या एकदा म्हणाल्या, "अरे, हे मुकं जनावर दिवसभर तोंडाकडे बघत बसतं, आणि तू त्याच्यापुढं भोपळा घालतोस? पोटभर भाकरी तरी घाल." या बोलण्यास उत्तर देणे सोपे नव्हते. आमच्या या कोरडवाहू जिल्ह्यात भूक म्हणजे धान्याचा तुटवडा हा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या हाडीमाशी खिळला आहे. धान्य घरात असून ते भुकेल्यास मोजून द्यावयाचे, हे येथे कृपणतेचेच लक्षण ठरते.

तथापि मोजल्यावाचून गत्यंतर नाही. मोत्याएवढ्या कुत्र्यास दिवसाला सुमारे नऊशे कॅलरी पुरतात. ग्लुकोजचे एक लहान बिस्कीट सुमारे पंचवीस कॅलरींचे. येणाऱ्याजाणाऱ्याने प्रेमाने चार बिस्किटे घातली तर दिवसाच्या अन्नाचा नववा हिस्सा तेथेच संपला. भाकरीवर एक चमचा तूप म्हणजे आणखी चाळीस-पंचेचाळीस. शिवाय या औषधावर असलेल्या कुत्र्यास तेलकट-तुपकट अन्नाने स्वादुपिंडाचा दाह होण्याची भीती अधिक. वजन वाढले की सांधे दुखतात, श्वास लागतो, आणि औषधाची मात्राही वजनाकडे पाहूनच ठरत असल्यामुळे तेथेही घोटाळा होतो. आणि भूक असह्य झाली म्हणून गोळी एकाएकी बंद करावी, तर झटके पूर्वीपेक्षा जोराने उलटतात. सारांश, औषध सोडता येत नाही, भूक काढता येत नाही आणि अन्न वाढविता येत नाही. हाती उरते ते एकच: त्याच नऊशे कॅलरींचा पसारा वाढविणे.

हा पसारा आम्ही कसा घालितो ते सांगतो. दिवसभराकरिता शंभर ग्रॅम ज्वारीच्या कण्या, मूठभर मुगाची डाळ, पाव किलो बिनहाडाचे, बिनचरबीचे कोंबडीचे मांस, एक उकडलेले अंडे, एक चमचा तेल, आणि या सर्वांस पुरून उरेल इतकी, म्हणजे अर्धा किलो, भाजी: दुधी, लाल भोपळा, गाजर, श्रावणघेवडा. आमच्या घरी पूर्वी मांस शिजत नसे. आता मागील अंगणात एक चूल आणि एक पातेले त्यासाठी वेगळे ठेविले आहे. सर्व मऊ शिजवून, घोटून, पाणी घालून सरबरीत केले म्हणजे दोन किलोंच्या घरात ऐवज होतो, आणि त्यात त्या अर्ध्या किलो भाजीचा वाटा शंभरएक कॅलरींचाच असतो. मीठमसाला काही नाही. कण्या कुत्र्यास कशा पचतात अशी शंका येईल. परंतु माणसाच्या सहवासात हजारो वर्षे राहून कुत्र्याने पिष्ट पचविण्याची शक्ती लांडग्याहून पुष्कळ अधिक मिळविली आहे, हे २०१३ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी त्याच्या जनुकांवरून सिद्ध केले. भाजी मात्र एकदम वाढवू नये. आठदहा दिवसांत हळूहळू वाढवावी, नाहीतर पोट बिघडते. घरच्या अशा अन्नात कॅल्शियम हटकून कमी पडते. ते व इतर क्षार पशुवैद्यांच्या सांगण्याप्रमाणे वरून घालावे लागतात. आणि वर दिलेले प्रमाण आमच्या मोत्याचे आहे. दुसऱ्याच्या कुत्र्यास ते जसेच्या तसे लावू नये.

हा ऐवज एकदम न देता आम्ही त्याचे चार भाग करितो. सकाळी सात व संध्याकाळी सात हे गोळीचे वेळ, त्या दोन्ही वेळी एकेक भाग. तिसरा दुपारी बाराला, चौथा रात्री दहाला. अन्न खोल भांड्यात न घालता परातीत पातळ पसरितो, म्हणजे जे दोन मिनिटांत संपले असते ते चाटून खाण्यास पंधरा मिनिटे लागतात. मधल्या वेळी काकडीचे काप किंवा गाजराचा तुकडा. महिन्यातून एकदा वजन. जालना हे बियाण्यांचे गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे संकरित बियाण्यांची कंपनी काढली तेव्हापासून तर त्याचे नाव दूरवर गेले. अशा गावात मोठा तराजू शोधावयास दूर जावे लागत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानी बियाण्याची पोती ज्यावर चढतात, त्यावरच मोत्या मोठ्या गांभीर्याने बसतो, आणि गिऱ्हाइके आपला सौदा थांबवून त्याचा आकडा ऐकतात.

भुकेला कुत्रा निवड करीत नाही, म्हणून निवड आपणांस करावी लागते. कांदा व लसूण त्याच्या रक्तास घातक. द्राक्षे आणि मनुका यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. कडवंचीच्या द्राक्षांचा जिल्ह्यास कितीही अभिमान असो, त्या पेट्या घरात उंचावरच ठेवाव्या. दुधी चिरताना एक फोड स्वतः चाखून पाहावी. कडू निघाल्यास तो माणसास व जनावरास सारखाच विषारी. मक्याचे बुरकुंडे आणि शिजविलेली हाडे केराच्या टोपलीतही उघडी राहू देऊ नयेत.

आता मातोश्रींच्या प्रश्नाकडे वळू. पाणी आणि भोपळा घालून भांडे फुगविणे ही त्या मुक्या प्राण्याची फसवणूक नव्हे काय? यावर आम्ही पुष्कळ विचार केला. आपल्या समाजात माया दाखविण्याचे मुख्य साधन म्हणजे वाढणे. पंगतीत आग्रह केला नाही तर पाहुणा रुसतो, आणि जावयाच्या पानात लाडू पडला नाही तर सासूचे मन खट्टू होते. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेवराय आपल्या सर्वांच्या लहानपणापासून ओळखीचे. ही शिकवण थोर आहे. तथापि तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती ही की, खाणाऱ्याची भूक खरे बोलते. मोत्याची भूक खरे बोलत नाही. तिचे ऐकून तूप वाढले, तर वाढणाऱ्याच्या मनास समाधान होईल आणि खाणाऱ्याचे आयुष्य कमी होईल. त्याच्या पोटास जेवढे लागते तेवढे त्यास पुरेपूर मिळते. वर जी भाजी असते ती, निदान काही वेळ तरी, जठर ताणले जाऊन थोडी शांतता लाभावी म्हणून. यात काही लुबाडणे होत असेल असे आम्हांस वाटत नाही.

मातोश्रींस हे सर्व पटले असे म्हणवत नाही. परंतु त्यांनी एक केले: भाजी चिरण्याचे काम आपल्याकडे घेतले. आमच्या वडिलांच्या वेळी वैश्वदेव झाल्यावर श्वानबलीचा घास बाजूस निघे. त्या जागी आता त्या रोज दुपारी गाजराचा एक तुकडा स्वतःच्या हाताने मोत्यास देतात, आणि तो किती ग्रॅमचा हे विचारण्याची कोणाची छाती नाही. परात लख्ख झाल्यावर तो पूर्वीसारखाच मान वर करून पाहत राहतो. तीन वर्षांत त्या नजरेत फरक पडलेला नाही, पुढेही पडेल अशी आशा आम्ही बाळगीत नाही. "झालं रे बाबा, आता रात्री दहाला," असे त्या त्यास सांगतात, आणि दोघेही ओसरीवर दहा वाजण्याची वाट पाहत बसतात.