बरडावरचा गोल्फ

आमच्या दिग्रसमध्ये गोल्फ खेळणारा माझ्या माहितीत मी एकटाच. यात अभिमान वाटण्यासारखं काही नाही. गावात क्रिकेट आहे, कबड्डी आहे, रमजानच्या रात्री गल्लीगल्लीत कॅरम रंगतो. गोल्फ म्हटलं की लोकांना टीव्हीवरची हिरवळ आणि पांढरी टोपी घातलेले साहेब आठवतात. उर्दू शाळेतला मास्तर असरनंतर एक लोखंडी काठी आणि पिशवीभर चेंडू घेऊन बरडाकडे निघाला की चहाच्या टपरीवरून कोणी ना कोणी विचारतंच, "क्या सर, साप निकला क्या?" पहिल्या वर्षी मी थांबून समजावून सांगायचो. आता "हाँ, निकला" म्हणतो आणि पुढे जातो.

ही काठी मला मामूंनी दिली. मामू म्हणजे अम्मीचे धाकटे भाऊ. 1981 मध्ये, नापिकीच्या वर्षी, ते कामाच्या शोधात पुण्याला गेले. ओळखीच्या एका माणसानं त्यांना गोल्फ कोर्सच्या फाटकावर नेऊन उभं केलं आणि ते कॅडी झाले. कोणता कोर्स, ते मी लिहीत नाही. तिथल्या गवतावर त्यांचा अजून जीव आहे. मी जे लिहिणार आहे त्यावरून कोणी त्यांना काही विचारू नये, एवढंच.

कॅडी म्हणजे खेळणाऱ्याची पिशवी उचलणारा. पण एवढंच सांगून थांबलो तर ते अर्धसत्य होईल. नियमाप्रमाणे पिशवीत जास्तीत जास्त चौदा काठ्या ठेवता येतात. त्यात चेंडू, छत्री, पाण्याची बाटली. हे सगळं खांद्यावर घेऊन अठरा होल चालायचे, म्हणजे सहा-सात किलोमीटर. चालता चालता साहेबाला अंतर सांगायचं, वारा सांगायचा, कोणती काठी घ्यायची ते सुचवायचं, हिरवळीचा उतार कुठे आहे ते दाखवायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चेंडू कुठे पडला ते पाहायचं. मारून झाल्यावर साहेब बहुतेक वेळा स्वतःच्या हाताकडे बघत असतो. चेंडूवर नजर कॅडीची. मामू अंतर गजात सांगत. "एक सौ चालीस गज, हवा सामने की. सात नहीं, छह लो साब." साहेबानं सातच घेतली आणि चेंडू आधीच पडला, तर मामू गप्प राहत. त्या गप्प राहण्याचाही मेहनतान्यात वाटा असावा.

2010 मध्ये मी बी.एड.साठी पुण्याला गेलो आणि मामूंच्या दीड खोलीच्या घरात वर्षभर राहिलो. सोमवारी कोर्स बंद असे. त्या दिवशी पहाटे कॅडींना खेळू देत. मामू मला भाचा म्हणून आत नेत. सोमवारचे मामू वेगळेच दिसत. खांद्यावर पिशवी नाही, हातात तीन काठ्या आणि चाल सावकाश. त्यांनी काठी फिरवली की आवाज आधी यायचा, मग दूर कुठेतरी चेंडू टप्पा घ्यायचा. मी पहिल्यांदा मारलं तेव्हा चेंडू जागेवर राहिला आणि गवताचा तळहाताएवढा तुकडा उडाला. मामूंनी तो उचलून आणला, जागेवर बसवला आणि पायानं दाबला. मला काही बोलले नाहीत. नऊ वाजता मी कॉलेजात असायचो, चपलेला दव लागलेलं असायचं.

त्यांच्या ट्रंकेत वर्तमानपत्राचं एक पिवळं कात्रण होतं. 1991 मध्ये दिल्लीच्या अली शेरनं इंडियन ओपन जिंकली, त्याचं. ही स्पर्धा जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू, आणि तो कॅडीचा खेळाडू झालेला. त्यानं 1993 मध्ये ती पुन्हा जिंकली. 1998 मध्ये कोलकात्याच्या फिरोज अलीनं जिंकली. पुढे 2016 आणि 2017 अशी सलग दोन वर्षं ती चौरसियानं जिंकली. त्याचे वडील कोलकात्यात गोल्फ कोर्सची हिरवळ राखायचे. इंग्रजांनी हा खेळ 1829 मध्ये कोलकात्यात क्लब काढून इथे रुजवला. आपल्या माणसांकडे तो आला तो हातातून नाही, खांद्यावरून. मामू हे कात्रण कधीतरी काढायचे, उलटसुलट बघायचे आणि परत ठेवायचे. उर्दूखेरीज त्यांना वाचता येत नाही आणि कात्रण इंग्रजीत होतं.

आता जे सांगायचं आहे ते टाळत मी इथवर आलो. वर्गमित्रांना मी सांगितलं होतं की माझे मामू गोल्फ क्लबात आहेत. खोटं नव्हतं. त्यांनी मॅनेजर समजावं की क्लार्क, हे मी त्यांच्यावर सोडलं होतं. एकदा सराव पाठाच्या दिवशी मी पाठ टाचणाची वही घरी विसरलो. मामू फेरी संपवून घरी आले होते. वही दिसली तशी सायकल काढून ते थेट कॉलेजात आले. अंगावर निळं जाकीट, पाठीवर पांढऱ्या रंगात नंबर, 41. जिन्यावर त्यांनी माझ्या हातात वही दिली आणि वळले. बरोबरच्या मित्रानं विचारलं, "कौन थे?"

"मोहल्ले के हैं. घर के पास रहते."

मामू तेव्हा दोनच पायऱ्या खाली गेले होते.

रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "पाठ कैसा हुआ?" मी म्हणालो, अच्छा हुआ. मामींनी भाकरी वाढली. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. निकाल लागून मी गावी निघालो तेव्हा बस स्टँडवर त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली सात नंबरची काठी माझ्या हातात दिली. कोणा साहेबानं त्यांना दिलेली होती. पात्यावरचं कंपनीचं नाव घासून गेलेलं, मुठीचं रबर फाटलेलं.

गावी आल्यावर नोकरी लागायला किती वर्षं गेली तो विषय वेगळा. वाचकांपैकी अनेकांना तो माझ्याहून जास्त माहीत आहे. त्या रिकाम्या वर्षांत ही काठी हातात आली. काठ्यांचा नंबर वाढतो तसा पात्याचा कल वाढतो, चेंडू उंच जातो पण कमी लांब. सात नंबर मधली. एकच काठी असेल तर हीच असावी. अब्बांचं सायकलचं दुकान आहे. मुठीला जुन्या ट्यूबची पट्टी त्यांनीच गुंडाळून दिली. हिवाळ्यात ती छान बसते, मे महिन्यात हाताला चिकटते.

प्रश्न मैदानाचा होता. उलंगवाडी झाली, पऱ्हाटी उपटली की आमच्या भागात शेतं मोकळी होतात. मी तिथे सुरुवात केली आणि आठवड्यात अकरा चेंडू गमावले. काळी कापसाची माती उन्हात फाटते आणि भेगा अशा पडतात की मनगटापर्यंत हात जातो. त्यात गेलेला चेंडू पावसाळ्याआधी हाती लागत नाही. पावसाळ्यात तर चेंडू जिथे पडेल तिथेच चिखलात रुततो. म्हणून मी बरडावर गेलो. अब्बांच्या दीड एकरातला तो मुरमाड तुकडा, जिथे तूरही धड येत नाही. तिथे चेंडू दिसतो, पण प्रत्येक फटक्याला पात्यावर मुरमाचा ओरखडा उठतो. शेवटी जुन्या सतरंजीचा तुकडा अंथरून त्यावरून मारायला लागलो. सतरंजी टाकून खेळणारा गोल्फर जगात दुसरा असेल तर त्यानं जरूर भेटावं.

हिरवळ पोसायला रोज पाणी लागतं. आमच्याकडे एप्रिलमध्ये प्यायच्या पाण्याचे वांधे. मामूंनी सांगितलं होतं की लष्करी छावण्यांच्या गावात जुन्या कोर्सवर ग्रीनऐवजी 'ब्राऊन' असायचे. वाळूत जळालेलं ऑईल कालवायचं, थापून सपाट करायचं, चेंडू त्यावर बरा घरंगळतो. मी नाल्याची वाळू आणली, गॅरेजमधून ऑईल आणलं आणि बारा पावलांचं एक वर्तुळ केलं. गोल्फच्या भोकाचा व्यास 1891 च्या नियमापासून सव्वाचार इंच, म्हणजे 108 मिलिमीटर ठरलेला आहे. शेतात पाणी न्यायचा पाईप 110 चा. त्याचा वीतभर तुकडा पुरला की काम झालं. पहिल्याच पावसात ऑईल वाहून बांधाकडे गेलं आणि अब्बा इतके चिडले की दोन दिवस बोलले नाहीत. बरोबरच होतं त्यांचं. तेव्हापासून नुसती वाळू आणि पाणी. चेंडू हळू जातो, जाऊ दे.

पगार सुरू झाल्यावर मी मोबाईलवर जाहिरात पाहून साडेसहा हजारांत जुना सेट घेतला. ट्रॅव्हल्सनं पार्सल आलं. उघडून हातात घेतलं तर काहीतरी चुकतंय. पाती सगळी उलट्या बाजूला. डावखुऱ्या माणसाचा सेट होता! विकणाऱ्यानं फोन उचलणं बंद केलं. तो सेट दोन वर्षं माळ्यावर पडून होता.

सातवीत एक डावखुरा मुलगा आला. घरी त्याला उजव्या हातानं लिहायला लावत होते, त्यामुळे अक्षर किरटं आणि मान खाली. मी त्याच्या वडिलांना बोलावून दाखवलं की उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, तेव्हा शाई फासते ती आपल्या उजव्या हाताला. डावखुऱ्याचा हात कोऱ्या कागदावर असतो. ते हसले आणि मान्य केलं. त्याच आठवड्यात मुहावऱ्यांचा पाठ होता. 'गोए सबक़त ले जाना', म्हणजे बाजी मारणं. गोए हा फारसी शब्द, अर्थ चेंडू. चौगान खेळताना जो चेंडू पुढे घेऊन गेला तो जिंकला. मी टेबलावर गोल्फचा चेंडू ठेवला. मुलांना वाटलं सर गारगोटी घेऊन आले. सुटीच्या दिवशी मी त्या मुलाला बरडावर नेलं आणि माळ्यावरचा सेट त्याच्यापुढे ठेवला. आता त्याचा चेंडू माझ्यापेक्षा सरळ जातो.

2021 च्या ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोकचं पदक थोडक्यात हुकलं, ती चौथी आली. त्या सकाळी आयुष्यात पहिल्यांदा शाळेतल्या सहकाऱ्यांनी मला गोल्फचे नियम विचारले. दुपारी मामूंचा फोन आला. पदकाचं त्यांना फारसं दुःख नव्हतं. अदितीची पिशवी तिच्या आईनं उचलली होती, ते कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. "माँ ने बैग उठाया," ते तीनदा म्हणाले.

तोवर त्यांचं काम सुटून दोन वर्षं झाली होती. मोतीबिंदू असता तर ऑपरेशननं भागलं असतं. हा काचबिंदू होता. बाजूची नजर आधी जाते, माणसाला कळतही नाही. उडालेला चेंडू मामूंना सापडेना. साहेबांचे चेंडू हरवू लागले, मग त्यांचा नंबर पुकारला जाईना. फेरीवर पैसे मिळणाऱ्या माणसाला निवृत्ती नसते, नंबर येणं थांबतं.

मागच्या फेब्रुवारीत ते आमच्याकडे आले. मी त्यांना बरडावर नेलं, तो मुलगाही आला. ब्राऊनवर मामूंनी चपला काढल्या, अनवाणी दोन चकरा मारल्या. "ढाल उत्तर को है. तुमने सीधा समझ लिया." गेली कित्येक वर्षं माझे चेंडू भोकाच्या डावीकडून का जात होते ते मला त्या दिवशी कळलं.

मुलानं हळूच विचारलं, "सर, ये कौन हैं?"

"मेरे मामू. पुणे में कॅडी थे. पैंतीस साल."

मामू खाली वाकून चपला घालत होते. "अड़तीस," ते म्हणाले.

पिशवी मी खांद्यावर घेतली. त्यांचा हात सवयीनं पुढे आला. मी दिली नाही. सतरंजी अंथरली, चेंडू ठेवला, सात नंबर त्यांच्या हातात दिली आणि म्हणालो, "एक सौ दस गज."

"सवा सौ है. आते वक्त गिना मैंने."

त्यांनी काठी फिरवली. तोच आवाज.

"किधर गया?"

मी चेंडू पाहिलाच नव्हता. मी मामूंकडे पाहत होतो. मुलाकडे पाहिलं, तोही मामूंकडेच पाहत होता. मामूंनी मान थोडी तिरपी केली. "आवाज पतली थी. बाएँ गया होगा, पेड़ की तरफ." मुलगा धावला. डावीकडे पळस फुलला होता, खाली केशरी सडा पडलेला. बराच वेळ तो वाकून शोधत राहिला. मग त्यानं हात वर केला.

"गेंद कॅडी को देखनी होती है, मास्टर," मामू म्हणाले. "चलो, दूसरी रखो."